सहा तारांचा गोतावळा

नाशिकला एकाच जातीची अनेक वाद्यं एका वेळी कशी वाजवायची, हे कुणी शिकवावं लागत नाही. गणपती जवळ आले की मोकळ्या मैदानांवर ढोलपथकांचे सराव सुरू होतात. ताशा पुढे होऊन चाल सांगतो, ढोल ती उचलतात आणि सगळ्या पथकाचा मिळून एकच ठोका पडतो. तिथे सगळ्यांनी सारखंच वाजवायचं असतं. वेगळं वाजवणारा चुकला असं धरतात.

गिटारींचं गणित उलटं आहे. एका रंगमंचावर पाच गिटारवादक बसवून पाहा. एकाने गिटार मांडीवर आडवी ठेवलेली असते आणि तो लोखंडी कांडी तारांवरून सरकवत यमन मांडतो. दुसरा नायलॉनच्या तारा नखांनी छेडतो. तिसऱ्याच्या गिटारीला पोकळ पेटीच नसते, तिचा आवाज ॲम्प्लिफायरमधून येतो. चौथा चर्चमध्ये आणि लग्नाच्या बँडमध्ये कॉर्ड धरत मोठा झालेला असतो. पाचव्याच्या गिटारीला चारच तारा असतात आणि तो खर्जात चालतो. वाद्याचं नाव एक, पण बसण्याची रीत, तारा जुळवायची पद्धत, लिहिण्याची लिपी, एवढंच काय, ‘बरोबर वाजलं’ म्हणजे काय याची समजूतही पाच प्रकारची. यांनी सारखंच वाजवायचं ठरवलं तर पाचांना एकत्र आणण्यात अर्थच उरत नाही.

वेगवेगळ्या संगीतातल्या गिटारवादकांना एकत्र बसवणं हा अलीकडे ‘अभिनव प्रयोग’ म्हणून जाहीर होतो. मागे जात राहिलं, तर त्याचा उगम दूरच्या एखाद्या महोत्सवात सापडत नाही. तो मुंबईच्या ताडदेवला, दिवसाच्या बिदागीवर वाजवणाऱ्या माणसांपाशी सापडतो. तिथवर पोचायला मात्र स्पेन, हवाई बेटं आणि कसाऱ्याचा घाट असा वळसा घ्यावा लागतो.

एका खोडाच्या तीन फांद्या

सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये विहुएला नावाचं वाद्य दरबारी मंडळींच्या हातात होतं. लुईस दे मिलान यांचं विहुएलावरचं पुस्तक १५३६ मध्ये वलेन्सियात छापलं गेलं. सामान्यांच्या हातात होती ती लहान चणीची गिटार. तिला आजचा घाट दिला अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने. त्याने पेटी मोठी केली, वरच्या फळीला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या लावल्या आणि वाजत्या तारेची लांबी ६५ सेंटिमीटरच्या आसपास आणून ठेवली. पुढे आंद्रेस सेगोव्हिया यांनी ही गिटार मोठ्या मैफलींच्या सभागृहात नेली. त्याच देशाच्या दक्षिणेत, अंदालुसियात, तिची हलकी आणि कडक आवाजाची बहीण फ्लॅमेंको नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या मागे झडत होती. म्हणजे माहेरीच दोन घराणी झाली: एक कागदावरून वाजवणारं, एक कानावरून.

दुसरी फांदी समुद्रापलीकडे फुटली. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांनी हवाई बेटांवर गिटार नेली. तिथल्या लोकांनी ती आपल्या गळ्याच्या सोयीने जुळवून घेतली. शतक संपायच्या सुमाराला जोसेफ केकुकू हा तरुण गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडाचा तुकडा घसरवू लागला. पडद्यांची अडचण गेली, सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी सलग वाहू लागला. ही युक्ती त्याच्याआधी गॅब्रिएल डेव्हिऑन नावाच्या, भारतात जन्मलेल्या खलाशी पोराने दाखवली होती, असा एक दावा जुन्या हवाईयन जाणकारांनी केलेला आहे. तो सिद्ध झालेला नाही. पण आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा सरकत होता आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडाची कांडी, त्यामुळे हा दावा भारतीय वाचकाला लगेच पटतो. पटतो म्हणूनच तो जपून वापरलेला बरा. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन गिटार गाजली आणि तिची लाट जगभर पसरली.

तिसरी फांदी विजेची. मांडीवरच्या गिटारीचा आवाज मोठ्या सभागृहात पोचेना, म्हणून जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३२ मध्ये विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. धंद्याच्या दृष्टीने यशस्वी झालेली ही पहिली इलेक्ट्रिक गिटार. ती हवाईयन होती, आडवी ठेवून वाजवायची. रॉकवाल्याच्या खांद्यावरची गिटार आणि रागवाल्याच्या मांडीवरची गिटार यांचं नातं हे असं जवळचं आहे. नंतर दोघी एकमेकींना अनोळखी झाल्या, एवढंच.

घाट चढून आलेलं वाद्य

नाशिक जिल्ह्यात पाश्चात्त्य सूर शिरले ते एका दाराने नव्हे. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे आज आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तिथून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खुला झाला. इगतपुरी आणि मनमाड ही रेल्वेची गावं झाली. तिथल्या वसाहतींत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबं आली आणि त्यांच्यामागे रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाच व बँड आले. या गोवेकरांचा पाया पक्का होता. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं जाई. त्यामुळे समोर कागद ठेवला की वाजवणारी माणसं गोव्याने पिढ्यान्‌पिढ्या घडवली.

देवळालीला फौज होती. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत थांबत, आणि त्यांच्या करमणुकीसाठी सैनिकांचीच नाचगाण्याची पथकं असत. जिमी पेरी हा तोफखान्यातला तरुण अशाच एका पथकात देवळालीला होता. पुढे त्याने सहलेखकाबरोबर त्या आठवणींवर बीबीसीसाठी विनोदी मालिका लिहिली. ती १९७४ ते १९८१ अशी चालली आणि देवळालीचं नाव इंग्रजांच्या घरोघरी गेलं. १९२५ पासून देवळालीत बार्न्स स्कूलही आहे. पाश्चात्त्य संगीत ज्यांच्या घरात परकं नव्हतं, अशा मुलांची ती शाळा.

नाशिकच्याच शरणपूरची वाट वेगळी. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. याच नाशिकशी नातं असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन आणि कीर्तन आणलं, म्हणजे ऑर्गनच्या शेजारी टाळ-मृदंगाला जागा केली. कॅथलिक चर्चमध्ये हे दार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उघडलं. लोकभाषेतली उपासना आली, आणि तिच्याबरोबर जगभर गिटार आली. रविवारी गायकवृंदाच्या कडेला उभं राहून तीन-चार कॉर्डांवर अख्खी उपासना सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी हे त्यानंतरचं चित्र. महाराष्ट्रातल्या कितीतरी वादकांची गिटारीशी पहिली गाठ अशीच पडली.

आणि पंचवटी. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि मुंबईचा व्याप आटोपत आला तेव्हा नाशिकला, पंचवटीतल्या रामनाम आधाराश्रमात मुक्काम हलवला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा १९२१ चा जन्म नाशिकचाच. पलुस्करांच्या आश्रमात गिटारीला अर्थातच स्थान नव्हतं. पण त्यांनी संगीताला वर्ग दिला, अभ्यासक्रम दिला, लिपी आणि परीक्षा दिली. १९३१ मध्ये ते गेले आणि शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्या मंडळाच्या परीक्षांना आज स्वरवाद्यांमध्ये गिटार घेऊन बसता येतं. ज्या माणसाने संगीताला भजनाची वाट दाखवली, त्याच्या परंपरेच्या प्रमाणपत्रावर ‘गिटार’ हा शब्द येतो, हा प्रवास लहान नाही.

रेल्वे, छावणी, चर्च आणि पंचवटी या चारही वाटा एका जिल्ह्यात होत्या. तरी त्या एकमेकींना क्वचितच छेदत. इन्स्टिट्यूटमधल्या नाचाला जाणारा आणि रामधून ऐकायला जाणारा यांची पंगत निराळी. वाद्य एकत्र येण्याआधी माणसं एका खोलीत यावी लागतात, आणि ती खोली नाशिकमध्ये नव्हती. खरं तर असू शकली असती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ पासून नाशिकलाच चित्रपट काढत होती. पण सिनेमा बोलू लागेपर्यंत त्याचा धंदा मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडे सरकला होता. गाणं आलं तेव्हा स्टुडिओ इथे उरला नव्हता.

आडवी गिटार रागात शिरते

भारतात गिटार आधी लोकप्रिय झाली ती हवाईयन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताऊ मो आणि त्यांचं कुटुंब कलकत्त्यात राहिलं, शिकवत राहिलं, वाजवत राहिलं. बंगालमध्ये रवींद्रसंगीत आणि नझरुलगीतं या गिटारीवर आली. मुंबईत व्हॅन शिपले यांनी स्वतःच्या कल्पनेची आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घेऊन चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स त्यांचे साथीदार. सत्यनारायणापासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत लाउडस्पीकरवर वाजणारी ती बिनशब्दांची गाणी ऐकून महाराष्ट्रातल्या एका पिढीने गिटार म्हणजे सरकत, कण्हत गाणारं वाद्य अशीच खूणगाठ बांधली.

जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. उस्ताद अली अकबर खाँ यांचे ते शिष्य. पाश्चात्त्य वाद्य म्हणून हेटाळणी होत असताना त्यांनी गिटारीवर आलाप-जोड-झाला मांडला, चिकारीच्या तारा बसवल्या. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आली. तबल्यावर होते माणिकराव पोपटकर. संतूर आणि गिटार या रागसंगीतात उपऱ्या मानल्या गेलेल्या दोन वाद्यांनी त्या एका तबकडीतून घराघरांत जागा मिळवली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तरफा आणि चिकारीच्या तारा वाढवून मोहनवीणा घडवली.

पण रागवाला गिटारवादक एकट्याचाच राहिला. आपल्या शास्त्रीय परंपरेत मंचावर मुख्य कलाकार एक, फार तर दोन. वृंदवादनाचे प्रयत्न झाले. मैहरला उस्ताद अलाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना घेऊन बँड उभारला. आकाशवाणीने १९५२ मध्ये वाद्यवृंद स्थापला आणि रविशंकर व टी. के. जयराम अय्यर यांच्याकडे सोपवला. या वृंदांना साचा होता तो मुख्यतः एकसुरी चालीचा. एकाच वाद्याच्या वेगवेगळ्या घराण्यांना शेजारी बसवून प्रत्येकाकडून निराळं काम करून घेणं, हा धडा वेगळ्याच शाळेत शिकवला जात होता.

ताडदेवची शाळा

साठ-सत्तरच्या दशकातला मुंबईचा रेकॉर्डिंग स्टुडिओ डोळ्यांपुढे आणा. ताडदेवचं फिल्म सेंटर म्हणा, किंवा मेहबूब, किंवा फेमस. सकाळी म्युझिशियन मंडळी जमतात. व्हायोलिनचा ताफा एकीकडे, तबला-ढोलक एका केबिनमध्ये, आणि एका बाजूला गिटारींचा सेक्शन. राहुलदेव बर्मन यांच्याकडे तो सेक्शन जितका भरलेला होता, तितका क्वचितच कुणाकडे असेल.

त्यात कोण होतं ते पाहा. भूपिंदर सिंग अमृतसरचे, दिल्ली आकाशवाणीवरून आलेले, मुळात गायक, गझलेच्या वळणाचे. भानू गुप्ता रंगूनला जन्मलेले बंगाली, आधी माउथ ऑर्गनसाठी ओळखले गेलेले. टोनी वाझ गोवेकर, बेस गिटारीवर. चरणजित सिंग कधी बेसवर, कधी नव्या नव्या इलेक्ट्रॉनिक कळफलकांवर. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, आणि कित्येक वर्षांनी युरोपातल्या रसिकांनी ती तबकडी शोधून डोक्यावर घेतली. दिलीप नाईक, रमेश अय्यर, सुनील कौशिक हे आणखी काही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे प्यारेलालजींचे धाकटे बंधू गोरख शर्मा होते. ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मांच्या घरातला हा मुलगा मेंडोलिनवरून गिटारीवर आला. पंजाबी गझल, बंगाली आधुनिक गाणं, गोव्याचं चर्च, गोरखपूरकडचं बँडघर. एवढ्या ठिकाणांहून आलेली माणसं एकाच गाण्याच्या साडेतीन-चार मिनिटांसाठी शेजारी बसत.

ती शेजारी बसू शकली याचं कारण कामाची वाटणी. गाण्याला एक ठेक्याची गिटार हवी, म्हणजे कॉर्ड झोडणारी. एक तारा सुट्या छेडणारी हवी, बहुतेकदा बारा तारांची किंवा नायलॉनची. इंटरल्यूडमध्ये एखादा पीस वाजवणारी लीड हवी. खाली बेस हवी. हे सगळं अरेंजर लिहून देई. गोवेकरांच्या स्टँडवर पाच ओळींची पाश्चात्त्य स्वरलिपी, शेजारच्याच्या वहीत सारेगम, आणि कुणाच्या नुसती कानात. तीन लिप्यांत एकच गाणं. मल्टिट्रॅक येण्याआधीच्या त्या काळात सगळे एकदम वाजवत. एक चुकला की टेक गेला, शंभर माणसं पुन्हा पहिल्यापासून. मग गायक, वादक, सगळेच एकमेकांना ऐकायला शिकत. ज्याचा आवाज जास्त, त्याने माइकपासून लांब बसायचं, हा साधा नियम होता. तो शब्दशः पाळला जाई आणि मनातही मुरला होता.

फळ काय आलं ते आपण अजून गुणगुणतो. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर यांची. ज्यांचा मखमली आवाज आपण गझलेसाठी आठवतो, त्यांच्याच बोटांनी हिप्पी जमान्याचा तो सूर काढला. त्यांनी नंतर गझलेतच स्पॅनिश गिटार, बेस आणि ड्रम्स आणले, म्हणजे स्टुडिओत शिकलेली वाटणी स्वतःच्या मैफलीत नेली. ‘कर्ज’ (१९८०) मधल्या ‘एक हसीना थी’च्या सुरुवातीचा गाजलेला पीस गोरख शर्मांचा. त्या धुनेचं मूळ अमेरिकन जाझ-गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्या एका रचनेत आहे. जाझमधली कल्पना, गोरखपूरच्या घराण्यातला वादक, पुनर्जन्माची हिंदी कथा, आणि ती सुरावट आज वरातीच्या बँडलाही पाठ. गिटारींचं मिश्रण म्हणून वेगळं काय दाखवायचं?

या माणसांची नावं पडद्यावर नव्हती. कामाचा मोबदला सेशनच्या हिशोबाने मिळे, श्रेय संगीतकाराला जाई, आणि तबकडीच्या वेष्टनावर वादकांचं नाव छापायची पद्धतच नव्हती. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ मध्ये या वादकांच्या मुलाखतींवर ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढलं, त्याचं शीर्षकच पडद्यामागचं. पुण्याच्या ‘पंचममॅजिक’ या उपक्रमाने पंचमदांच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या, मूळ वादकांना सन्मानाने रंगमंचावर बोलावलं, ‘हा पीस यांनी वाजवला होता’ असं सांगत टाळ्या मिळवून दिल्या. मराठी रसिकांनी या इतिहासाला केलेली ही मोठी मदत आहे. भानू गुप्ता आणि गोरख शर्मा २०१८ च्या जानेवारीत एकापाठोपाठ गेले. २०२२ च्या जुलैत भूपिंदरही गेले. त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकण्याची वेळ सरली आहे.

सवाल-जवाब आणि संवाद

बाहेरच्या जगात हाच प्रश्न इतर दोन रीतींनी सोडवला गेला. वाटणीची रीत तिथेही होती. १९३४ मध्ये पॅरिसला जँगो राइनहार्टने उभ्या केलेल्या पंचकात तीन गिटारी होत्या. एक गाणारी, दोन नुसत्या ठेका धरणाऱ्या. सोबत स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन आणि डबल बेस. ड्रम्सची गरजच पडली नाही.

दुसरी रीत सवाल-जवाबाची. ५ डिसेंबर १९८० च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात तीन गिटारवादक बसले. फ्लॅमेंकोचे पाको दे लुसिया, जाझ-रॉकचे अल दी मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन. तबला नाही, ड्रम्स नाहीत, बेसही नाही. पुढच्या वर्षी त्याची तबकडी निघाली आणि जगभरच्या गिटार शिकणाऱ्या पोरांची झोप उडाली. या तिघांतले मॅक्लॉफ्लिन आपल्याला परके नाहीत. झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्यांनी सत्तरच्या दशकात ‘शक्ती’ उभी केली होती. तिच्यासाठी तरफा लावलेली आणि पडद्यांमधली पट्टी खोलगट खरवडलेली खास गिटार बनवून घेतली होती, कारण सपाट पट्टीवर मनासारखी मींड निघेना. तिहाई आणि सवाल-जवाब त्यांच्या अंगात आधीच मुरले होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या झटापटीत ते ऐकू येतात.

इथे एका मोहापासून सावध राहावं. रोमा लोकांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने दाखवलेलं आहे. जँगो रोमा होता आणि फ्लॅमेंको घडवण्यात रोमांचा वाटा मोठा. त्यावरून फ्लॅमेंको म्हणजे आपलाच कथक, असं व्यासपीठावरून ठोकून दिलं जातं. भाषेचं नातं खरं, पण संगीत वाटेतल्या प्रत्येक मुलखात नव्याने घडलं. पूर्वज एक होते म्हणून सूर आपोआप जुळत नाहीत, ते बसून जुळवावे लागतात.

तिसरी रीत संवादाची. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे एका चर्चमध्ये विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन ब्लूजच्या वळणाचे राय कूडर समोरासमोर बसले. दोघांचीही गिटार सरकत्या सुरांची, एकाची रागातून आलेली, दुसऱ्याची मिसिसिपीकडच्या गाण्यातून. ओळख नवी, तालीम जवळजवळ नाही. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ १९९३ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. तिथे कुणी कुणाला हरवायला बसलेलं नव्हतं. एकाने वाक्य बोलायचं, दुसऱ्याने थांबून ऐकायचं.

पट्टी कोणती?

आता पुन्हा नाशिकच्या मंचाकडे वळू. महाकवी कालिदास कलामंदिर असो, सार्वजनिक वाचनालय नाशिकचं, म्हणजे सावानाचं, परशुराम सायखेडकर नाट्यगृह असो की सुला विनयार्ड्‌सचं उघडं ॲम्फीथिएटर. ‘सुलाफेस्ट’ २००८ मध्ये सुरू झाला, कोरोनानंतर खंड पडून २०२५ मध्ये पुन्हा भरला. त्याने नाशिककरांना रॉक, जाझ, लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकाच माळावर ऐकवलं. कॉलेजांत बँड आहेत, गल्लोगल्ली गिटारचे क्लास आहेत, कुणी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा देतो, कुणी गांधर्व मंडळाच्या. ज्या चार वाटा पूर्वी छेदत नव्हत्या, त्यांवरची मुलं आता एका कट्ट्यावर चहा पितात. खोली तयार आहे. प्रश्न आहे तो तालमीचा.

पहिला तिढा पट्टीचा. रॉकवाल्याची सगळ्यात जाड तार म्हणजे ‘ई’, आपल्या भाषेत पांढरी तीन. त्याचे आवडते कॉर्ड तिथेच उघड्या तारांवर वाजतात. रागवाल्याची गिटार बहुधा पांढरी दोनच्या आसपास जुळलेली. गायक आला की तो काळी एक मागतो, आणि कॉर्ड धरणाऱ्याला पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून ‘सी’चे आकार वापरावे लागतात. हे मंचावर गेल्यावर ठरवायचं नसतं.

दुसरा तिढा गर्दीचा. साध्या गिटारीची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्‌झच्या आसपास बोलते, आणि पाच जणांनी त्याच पट्ट्यात कॉर्ड झोडले की नुसता चिखल होतो. ताडदेवच्या वाटणीचं मोल इथे कळतं. एकाने खाली बेस धरावी, एकाने कॅपो लावून वरच्या सप्तकात छेडावं, एकाने फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बोट ठेवावं, एकाने लांब सूर सोडावा, आणि एकाने त्या वेळी हात आवरावा.

तिसरा तिढा गांधाराचा. फ्रेट म्हणजे ठाम बसवलेले पडदे. त्यावरचा कोमल गांधार समान स्वरांतराचा. आडव्या गिटारीवरचा दरबारीचा गांधार आंदोलित, जागेवर न थांबणारा. दोन्ही एकदम वाजले की कान कुरकुरतो. उपाय रॉकवाल्यापाशीच आहे. तो जो ‘पॉवर कॉर्ड’ झोडतो, त्यात गांधार नसतोच, असतो फक्त षड्‌ज आणि पंचम. आपला तानपुराही हेच दोन सूर देतो. सर्वांत कर्कश मानलेली गिटार आणि सर्वांत शांत मानलेलं वाद्य षड्‌ज-पंचमावर एकमत आहेत. त्या पायावर रागवाला आपला गांधार हवा तसा झुलवू शकतो.

तीन रीतींपैकी सवाल-जवाब टाळ्या लवकर मिळवतो, म्हणून नव्या मंडळींची ओढ तिकडे असते. पण त्याला पाको किंवा मॅक्लॉफ्लिनच्या तोडीची तयारी लागते. नसली तर उरते ती नुसती शर्यत. संवादाला दोनच माणसं बरी, पाचांच्या संवादाचा बाजार होतो. राहिली वाटणी. ती मुंबईच्या स्टुडिओंत, निरनिराळ्या भाषांच्या, धर्मांच्या आणि घराण्यांच्या वादकांनी वर्षानुवर्षं कसाला लावलेली आहे. नाशिकच्या, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या गिटारवृंदाला धरायची असेल तर वाट तीच, असं माझं मत आहे. वृंदात किती गिटारी आहेत याला फारसं महत्त्व नाही. आपल्या वाट्याला आलेलं थोडंच वाजवून समाधानी राहणारे किती आहेत, यावर तो टिकतो.

त्या शाळेचा एक दोष मात्र घेऊ नये. तिथे नावं राहिली नाहीत. तेव्हा असा कार्यक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे: पत्रिकेवर प्रत्येक वादकाचं नाव छापा, त्यासमोर तो कोणत्या परंपरेतून आला आणि त्या संध्याकाळी त्याच्याकडे कोणतं काम होतं तेही छापा, बेस धरणाऱ्याचं आणि नुसते कॉर्ड देणाऱ्याचंसुद्धा. तालमी फोनवर का होईना, नोंदवून ठेवा आणि एक प्रत सावानासारख्या जुन्या वाचनालयाकडे द्या. पुढच्या मागोव्याला त्याचाच आधार लागणार आहे.